थंडीत कासव वर येईना

नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. मुलगा यंदा शिकायला पुण्याला गेला. काही वर्षांपूर्वी त्याने हट्टाने आणलेलं लाल कानपट्ट्यांचं कासव, टिल्लू, तेव्हा तळहातावर मावायचं. आता ते ताटलीएवढं झालं आहे आणि त्याची देखभाल ताईंकडे आली आहे. टब मागच्या गॅलरीत असतो. डिसेंबर लागल्यापासून टिल्लू तळाशी बसून राहतो, खाणं जवळजवळ सोडलं आहे. एरवी दर पाच-दहा मिनिटांनी नाक वर काढणारा टिल्लू आता तास-तास वर येत नाही. ताई रात्री गजर लावून उठतात आणि ‘श्वास घेऊ दे’ म्हणून त्याला बाहेर काढून पाटावर ठेवतात. मुलगा फोनवर सांगतो, “आई, कासवं बर्फाखाली तीन-तीन महिने श्वास न घेता राहतात, तू उगाच घाबरतेस.” शेजारचे काका म्हणतात, ही शीतनिद्रा आहे, हात लावू नका. सासूबाई म्हणतात, मुका जीव डांबून ठेवण्यापेक्षा तलावात सोडून द्या, पुण्य लागेल. ताई विचारतात, “तो आत गुदमरत असेल का? आणि या तिघांपैकी ऐकू कोणाचं?”

ताई,

तुम्ही लिहिलंय त्यावरून टिल्लू गुदमरत नसावा. तेव्हा रात्रीचा गजर आजपासून बंद करा आणि झोपा. पण सगळं ठीक आहे, असंही मी म्हणणार नाही. तुमची काळजी खरी आहे, फक्त ती श्वासाच्या मिनिटांवर अडकली आहे. टिल्लूच्या टबातलं पाणी पहाटे किती थंड असतं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच आहे.

आपण पाण्यात बुडी मारतो तेव्हा श्वास रोखून धरतो. छाती फुटायला येते आणि आपण धडपडत वर येतो. कासव तळाशी बसलेलं दिसलं की आपल्याला वाटतं, त्याचंही आत तेच चाललं असणार. तसं नसतं. कासवाच्या बरगड्या कवचालाच जोडलेल्या असतात, त्यामुळे त्याची छाती आपल्यासारखी वरखाली होत नाही. पायांच्या खोबणीजवळचे आणि पोटाचे स्नायू हलवून ते फुप्फुसात हवा भरतं. तीही सतत नाही, तर चार-पाच श्वास लागोपाठ घ्यायचे आणि मग लांब विश्रांती, अशी त्याची रीतच आहे. त्या विश्रांतीत ते काही रोखून धरलेलं नसतं. गरज लागली की वर यायचं, एवढंच.

आणि गरज कधी लागणार, हे ठरवतं पाणी. कासवाचं शरीर स्वतःची उष्णता तयार करून धरून ठेवत नाही, जेवढं पाणी गार तेवढं ते गार. तापमान दहा अंशांनी उतरलं की शरीराचा प्राणवायूचा खर्च साधारण निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे उन्हाळ्यात छातीभर हवा जेवढा वेळ पुरते, तेवढीच हवा थंडीत दुप्पट-तिप्पट वेळ पुरणार. त्यातून कासव हललंच नाही तर आणखी जास्त. भर म्हणून, गार पाण्यात प्राणवायू विरघळतोही जास्त: ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एका लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम, तर गोठायला आलेल्या पाण्यात चौदाच्या वर. गोड्या पाण्यातली बरीच कासवं त्यातला थोडा प्राणवायू कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून थेट शोषून घेतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या फिट्झरॉय नदीत एक कासव आहे, ते तर शेपटीखालच्या द्वाराच्या आतल्या पिशव्यांमध्ये पाणी खेळवून प्राणवायू घेतं. टिल्लूच्या जातीला ते जमत नाही, पण हिशोब लक्षात यावा म्हणून सांगितलं. खर्च कमी, साठा तोच, आणि वरून पाण्यातून मिळणारी थोडी भर. दहा मिनिटांचा तास होतो तो असा.

आता तुमच्या मुलाकडे येऊ, कारण त्याने सांगितलेलं खोटं नाही. ते माझ्या माहितीतल्या प्राणिजगतातल्या सगळ्यात थक्क करणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उत्तर अमेरिकेत ‘पेंटेड टर्टल’ नावाचं एक कासव आहे, मानेवर पिवळ्या रेघा आणि कवचाच्या कडेला लाल नक्षी असलेलं. कॅनडापर्यंतच्या तळ्यांमध्ये ते राहतं. हिवाळ्यात तळं वरून गोठतं, त्यावर बर्फ साचतं. खाली उजेड पोचेनासा झाला की शेवाळ प्राणवायू सोडायचं थांबतं आणि तळाच्या चिखलातला प्राणवायू संपत जातो. वर हवेला जायला वाट नाही, खाली पाण्यात काही उरलेलं नाही, अशा ठिकाणी हे कासव वसंतापर्यंत पडून असतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डोनाल्ड जॅक्सन यांनी आयुष्याची कित्येक वर्षं हे कोडं सोडवण्यात घालवली. गॉर्डन अल्ट्श यांच्याबरोबर केलेल्या आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांना दिसलं की ३ अंशांच्या, प्राणवायू पूर्ण काढून टाकलेल्या पाण्यात ही कासवं तीन महिन्यांहून जास्त जगतात.

ती हे करतात कशी? रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवतात, तसा सगळा देह मंद करून. हृदयाचा ठोका काही मिनिटांतून एखादा. प्राणवायूशिवाय ऊर्जा मिळवायची तर यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरावं लागतं, आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं. जिवाच्या आकांताने धावलेल्या माणसाच्या रक्तात साचतं त्याच्या कितीतरी पट आम्ल या कासवाच्या रक्तात साचतं. दुसरे बहुतेक प्राणी त्याने मेले असते. इथे कवच कामाला येतं. कवचातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार रक्तात उतरून आम्लाचा जोर मोडतात, शिवाय एकूण आम्लापैकी निम्म्याच्या जवळपास कवच आणि हाडं स्वतःत साठवून घेतात. वसंतात बर्फ वितळलं की कासव वर येतं, उन्हात बसतं आणि हा सगळा साठा हळूहळू निकाली लावतं. आपण ज्याला नुसती ढाल समजतो ते कवच हिवाळ्यात एक जिवंत अवयव म्हणून राबत असतं.

पण ताई, हे कासव निराळं आणि टिल्लू निराळा. ‘कासवं’ म्हणून सरसकट काही बोलताच येत नाही. त्याच थंड प्रदेशात ‘मॅप टर्टल’ नावाची कासवं आहेत. त्यांना प्राणवायूविना इतका काळ काढता येत नाही, म्हणून ती हिवाळ्यासाठी वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या नदीचा तळ निवडतात. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या लॅमॉइल नदीत त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा हिवाळाभर बर्फाखाली राहूनही त्यांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल फारसं वाढलेलं आढळलं नाही. पाण्यातून मिळणाऱ्या प्राणवायूवरच त्यांचं भागत होतं. मऊ पाठीच्या कासवांचंही साधारण तसंच. टिल्लूची जात मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. तिच्या मूळ गावी हिवाळा असतो, तीही तळाच्या चिखलात मंदावते, पण ऊन पडलं की अधूनमधून वर येऊन शेकते. प्राणवायूविना राहण्याची तिची ताकद पेंटेड टर्टलपेक्षा कमी आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तीन महिन्यांचा तो आकडा ३ अंशांचा आहे. तेच पेंटेड कासव २० अंशांच्या पाण्यात प्राणवायूविना ठेवलं तर साधारण एखादा दिवस काढतं. म्हणजे ती करामत एकट्या कासवाची नाही, त्या थंडीचीही आहे. आणि थंडी एका रात्रीत येऊन भागत नाही. शरद ऋतूत दिवस लहान होत जातात, पाणी आठवड्या-आठवड्याने निवत जातं, कासव खाणं थांबवतं, आतडी रिकामी होतात, यकृत भरलेलं असतं. असा पुरा ऋतू अंगावरून गेला की मग ते बर्फाखाली जातं.

नागपूरच्या गॅलरीत काय होतं? डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधी दहाच्याही खाली जातो आणि दुपारी पुन्हा पंचवीस-अठ्ठावीसवर येतो. टबात पाणी ते किती असणार! ते हवेच्या मागोमाग वरखाली होतं. रोज पहाटे टिल्लूच्या देहाला वाटतं हिवाळा आला, आणि रोज दुपारी वाटतं गेला. दुपारच्या उबेत त्याने दोन दाणे खाल्ले तर रात्रीच्या गारठ्यात ते पचत नाहीत, पोटात सडू शकतात. रोगाशी लढायची ताकदही थंडीत मंदावते, पण जंतू काही तेवढे मंदावत नाहीत. ही अर्धवट थंडी पूर्ण थंडीपेक्षा वाईट. शेजारच्या काकांना मी एवढंच सांगेन की शीतनिद्रा म्हणजे नुसतं निजून राहणं नाही, तिला तयारी लागते आणि स्थिर थंडी लागते. यातलं काहीच टिल्लूकडे नाही, तेव्हा ‘हात लावू नका’ हे इथे चालणार नाही.

तुम्ही त्याला उचलून पाटावर ठेवता, त्याबद्दल. त्यामागची माया मला दिसते. पण कासवाला वरून कोणी उचललं की ते संकट वाटतं, हृदय जोरात चालतं, जपून ठेवलेली ऊर्जा खर्च होते. ओलं अंग घेऊन गार हवेत बसलं की ते आणखी गारठतं. हवा त्याला पाण्यात राहूनही मिळू शकते, फक्त नाक वर पोचलं पाहिजे. तिथे मात्र तुमची भीती अगदीच निराधार नाही. गारठून किंवा आजाराने अशक्त झालेलं कासव खोल पाण्यात खरोखर बुडू शकतं, आणि दगडाखाली किंवा शोभेच्या वस्तूखाली अडकलेलंही. म्हणून तब्येत सुधारेपर्यंत टबातलं पाणी कमी करा. तळावर उभं राहून मान ताणली की नाक बाहेर यावं, इतकंच ठेवा. अडकण्यासारखं जे काही असेल ते काढून टाका. गजर लावून तुम्ही जे करत होता, ते काम आता पाण्याची पातळी करेल.

पुढचं काम म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानातून पाण्याचा थर्मामीटर आणा. स्वस्त असतो. दोन दिवस पहाटे आणि दुपारी आकडा लिहून ठेवा. टब आजच गॅलरीतून घरात घ्या, खिडकीपासून लांब. बहुतेक घरांत एवढ्यानेच पहाटेचा गारठा बराच तुटतो. मग पाण्यात बुडणारा, तापमान आपोआप राखणारा हीटर लावा, साधारण लिटरमागे एक वॉट या हिशोबाने. काचेचा हीटर टिल्लूच्या धक्क्याने फुटू शकतो आणि प्लॅस्टिकच्या टबाला टेकला तर टब वितळू शकतो, म्हणून भोवती जाळी असलेला घ्या. पातळी कमी केली आहे, हे विसरू नका. हीटर पूर्ण बुडलेला हवा, नसेल तर आडवा बसवता येणारा निवडा. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा. पाणी दिवसाला दोन-तीन अंश असं चढवत २५-२६ पर्यंत न्या. बादलीभर गरम पाणी एकदम ओतू नका. त्या धक्क्याने जास्त बिघडतं. पाणी दोन-तीन दिवस उबदार राहिलं आणि टिल्लू हिंडू-फिरू लागला की मगच खायला द्या, तेही थोडं.

एक कोरडी जागाही हवी, विटेवर फरशी ठेवली तरी चालेल, जिथे तो पूर्ण पाण्याबाहेर येऊन शेकू शकेल. तिथे तीस-बत्तीस अंश होईल असा दिवा, आणि कासवांसाठी मिळणारा अतिनील किरणांचा दिवा. काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही, काच ते किरण अडवते. नागपूरला थंडीतही दुपारचं ऊन छान असतं, तेव्हा अर्धा तास थेट उन्हात, सावलीचा कोपरा राखून, कोणीतरी जवळ बसून, हे सगळ्यात उत्तम.

आता काही खुणा सांगते, त्या दिसल्या तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. पोहताना एका बाजूला कलणं. तळाशी जाता न येणं, नुसतं तरंगत राहणं. नाकातून बुडबुडे किंवा चिकट पाणी. तोंड उघडून, मान ताणून श्वास घेणं. सुजलेले, मिटलेले डोळे. फुप्फुसाचा संसर्ग कासवात असा दिसतो, आणि थंडीत तो सर्रास होतो. पाणी उबदार होऊन आठवडाभरात टिल्लूने काहीच खाल्लं नाही, तरीही दाखवा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर कासव बघत नाहीत, आधी फोनवर विचारा. तुमच्या शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. जाताना टिल्लूचं वजन आणि पाण्याच्या तापमानाची ती दोन दिवसांची नोंद बरोबर न्या.

आणखी एक, तुमच्यासाठी नाही पण इतर वाचकांसाठी. गारठलेलं कासव मेलं असं समजून लोक त्याला पुरून टाकतात. अंग ताठ, ठोका कळत नाही, डोळे मिटलेले. उथळ, कोमट पाण्यात, नाक बाहेर राहील असं ठेवून काही तास वाट पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

सासूबाईंचं म्हणणं मी शेवटी ठेवलं, कारण त्यात दया आहे आणि तिचा मान राखून नाही म्हणायचं आहे. देवळात गाभाऱ्यासमोर कासवाला नमस्कार करून पुढे जाणाऱ्या आपल्या माणसांना कासव कोंडलेलं बघवत नाही, हे चांगलंच आहे. पण टिल्लू इथला नाही. ही जात जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच तिची आयात थांबवली. तलावात सोडलेलं असं कासव एकतर मरतं, नाहीतर जगतं, वाढतं आणि आपल्या कासवांची शेकायची जागा, खाणं बळकावतं, शिवाय घरातले रोग तिथे नेतं. आपल्या नद्यांतलं लीथचं मऊ पाठीचं कासव आधीच इतकं संकटात आहे की २०२२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधनं आली. अशांच्या वाट्याला टिल्लू कशाला?

सासूबाईंचं म्हणणं एका वेगळ्या कासवाला मात्र पूर्ण लागू पडतं. आपल्याकडे विहिरीत, तळ्यात, भाताच्या खाचरात दिसणारं, मागच्या पायांवर झडपा असलेलं देशी कासव कोणी घरात ठेवलं असेल, तर ते खरोखर मोकळं व्हायला हवं. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे. तेही स्वतः कुठेही न सोडता वनविभागाला कळवावं, १९२६ हा ‘हॅलो फॉरेस्ट’चा क्रमांक आहे. त्या कासवाचा कठीण काळ बहुधा उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये तळी आटली की ते चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाची वाट बघतं. विहिरीचा गाळ काढताना असं निपचित कासव सापडलं तर ते आजारी आहे असं समजून त्याला पाण्याच्या पिंपात टाकू नका. बाजूच्या ओलसर सावलीत ठेवा आणि वनविभागाला फोन करा.

न्यू जर्सी किंवा ओंटॅरिओत राहणाऱ्या वाचकांना घरामागच्या गोठलेल्या तळ्यात खरी पेंटेड कासवं दिसू शकतात. तिथे तुमच्या मुलाचं वाक्य शब्दशः खरं आहे. बर्फ ठोकून फोडायला जाऊ नये. कासव दचकून हललं तर राखून ठेवलेलं खर्ची पडतं.

म्हणजे ताई, तिघेही खरं बोलताहेत, फक्त तिघेही तीन वेगळ्या कासवांबद्दल. मुलगा बर्फाखालच्या, काका मिसिसिपीच्या चिखलातल्या, सासूबाई विहिरीतल्या. टिल्लूबद्दल बोलताय त्या तुम्ही एकट्याच, कारण रोज त्याच्याकडे बघता तुम्ही. मुलाला फोनवर तुम्हाला धीर देण्यापेक्षा दुसरं काम द्या. योग्य हीटर आणि दिवा शोधून घरी मागवायचं, आणि सुट्टीत आला की मोठी टाकी बसवायची. ही कासवं वीस-तीस वर्षं जगतात. पुढेमागे तुम्हाला झेपेनासं झालं, तर टिल्लू कोणाकडे जाणार, हे त्यानेच ठरवायला हवं, कारण आणला त्याने आहे. घरात लहान मुलं येत असतील तर टिल्लूला हात लावल्यावर साबणाने धुवायला लावा. वरून निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेलाचे, म्हणजे पोट बिघडवणारे, जंतू असू शकतात.

मार्च सरला की हीटर काढून ठेवा आणि थर्मामीटर टबातच राहू द्या. नागपूरच्या मेमध्ये गॅलरीतलं पाणी सहज पस्तिशी गाठतं. तेव्हा टिल्लू दर दोन-तीन मिनिटांनी वर येऊ लागेल, कारण अंगाची मागणी वाढलेली आणि पाण्यात प्राणवायू कमी. त्या दिवसांत टब सावलीत हवा, पाणी खोल हवं, आणि तीसच्या वर आकडा गेला की थोडं पाणी काढून गार पाण्याची भर घालायची, हळूहळू.